माझगावची चिनी वस्ती



देवगडच्या माणसाला बंदर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खाडीच्या तोंडाशी किल्ला, त्याच्या आडोशाला होड्या, आणि पुढे मुंबईची वाट. हा किल्ला आंग्र्यांनी १७०५ च्या सुमारास बांधला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, एवढे तर शाळेतली पोरेही सांगतील. पण या बंदरातून पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे मुंबईला गेली, ती उतरल्यावर राहिली कुठे, जेवली कुठे, हा इतिहास सहसा फळ्यावर येत नाही. आज त्याचेच एक पान उलगडायचे आहे; गंमत एवढीच की ते पान चिनी आहे.

आगबोटीच्या दिवसांत विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट चालायची, आणि पुढेपुढे तर आपला चाकरमानी भाऊच्या धक्क्यालाच उतरायचा. आता आगबोट गेली, माणसे मोटारीने आणि रेल्वेने जातात. तरीही सुटीत मुंबईला गेलात तर एक सकाळ राखून ठेवा. हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरा आणि नवाब टँक रोडची वाट विचारा. भाऊचा धक्का तिथून लांब नाही. तिथल्या जुन्या घरांच्या गर्दीत एक दुमजली इमारत आहे. खाली राहती जागा, वर देऊळ. लाल आणि सोनेरी रंग, उदबत्तीचा वास, भिंतींवर चिनी अक्षरे. हे मुंबईतले चिनी देऊळ.

आमच्याकडे हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुंबयत चिन्यांचा देऊळ? खंय रे बाबा?" प्रश्न रास्तच आहे, कारण माझगाव ही एके काळी चांगली नांदती चिनी वस्ती होती, हे खुद्द मुंबईकरांच्याही ध्यानात राहिलेले नाही.

चिनी माणूस इथे आला कसा? जशी आपली माणसे गेली तसाच, समुद्राने. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुंबई आणि चीनचे कँटन बंदर यांच्यामध्ये जहाजांची मोठी ये-जा होती. इथून कापूस आणि माळव्याची अफू जाई. तिकडून चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी येत. अफूच्या त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठे वाडे उभे राहिले, आणि चीनमध्ये घरेच्या घरे बसली. जहाज म्हटले की खलाशी आला, सुतार आला. माझगावला १७७४ पासून गोदी आहे. गोदीच्या आसपास चिनी खलाशी आणि कारागीर राहू लागले, मागाहून त्यांचे भाऊबंद आले. कोणी जोडे शिवी, कोणी केस कापी, कोणी दातांचा डॉक्टर झाला, कोणी खानावळ घातली.

घाटमाथ्यावरही चिनी माणसे आली होती, पण बेड्या घालून. सिंगापूर-पिनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी इंग्रजांनी महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले होते. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांना बरीच मोकळीक असे. त्यांनी तिथे भाजीपाल्याचे मळे केले आणि वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणण्याची कला गावकऱ्यांना शिकवली. तिथल्या एका धबधब्याला अजून 'चायनामन' म्हणतात.

माझगावच्या देवळाचे नाव 'सी यिप कून'. ते १९१९ साली उभे राहिले. आता हे नाव नीट ऐका. 'सी' म्हणजे चार आणि 'यिप' म्हणजे तालुका. कँटनच्या मुलखात दक्षिणेकडे चार तालुके आहेत, तिथली माणसे समुद्रावर आणि परमुलखात पोट भरायला जाण्यात अग्रेसर. पार अमेरिकेपर्यंत गेली. 'कून' म्हणजे मंडळाची वास्तू. म्हणजे सरळ मराठीत 'चार तालुके मंडळाची जागा'! गिरणगावात आपल्या गावमंडळाची खोली पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. बोटीवरून उतरलेल्या गाववाल्याने पथारी टाकायची, पुढची बोट मिळेपर्यंत राहायचे, घरी पत्र धाडायचे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची 'कूड' ती हीच. तिच्यात गावच्या संताची वेदी असते. चिन्यांनी वरच्या मजल्यावर क्वान कुंगला बसवले. हा तिसऱ्या शतकातला एक योद्धा, दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून पुढे देव झाला. आपल्याकडे वीरगळाला शेंदूर लावतात, त्यातलाच हा प्रकार म्हणा. इथे बांबूच्या नळीतल्या कांड्या हलवून देवाला प्रश्न विचारण्याची चाल आहे. कौल लावणाऱ्या कोकणी माणसाला त्यात नवल ते काय वाटणार!

मग ही वस्ती गेली कुठे? २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. देशाचा संताप साहजिक होता. पण त्याची झळ ज्यांचा जन्मच इथला, अशा माणसांनाही लागली. त्या वेळी निघालेल्या वटहुकुमांमुळे आईबाप किंवा आजाआजी चिनी असणेही पुरेसे ठरले. मुख्यतः आसाम-बंगालकडच्या सुमारे ३००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यात बायका होत्या, शाळकरी मुले होती. काहींना सुटायला पाच वर्षे लागली. मुंबईच्या चिन्यांवरही निर्बंध आले, धंदे बसले, आणि घरामागून घर कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले.

गुरुजी मंडळींना इथे एक सुचवावेसे वाटते. सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचा धडा आपण मुलांना सांगतो. ते १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तिकडे त्यांचा पुतळा आहे, तो आपण अभिमानाने सांगतो. त्याच तासाला माझगावच्या चिनी सुताराचे काय झाले, तेही मुलांच्या कानावर घालावे.

चिनी नववर्षाला आणि शरदातल्या चंद्रोत्सवाला मुंबईत उरलेली चिनी कुटुंबे या देवळात जमतात. बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीच्या आधी एक पुनव त्यांची चांदण्याची रात्र येते. त्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे. चिनी माणसाच्या कबरीच्या दगडावर त्याच्या नावाबरोबर मूळ गावाचे नाव कोरण्याची रीत आहे, मग त्या माणसाने ते गाव जन्मात पाहिलेले असो वा नसो.