रस्त्यासाठी पैसे आपण १८६३ पासून देतोय. जीव वाचवायला त्यातले किती?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी ज्यांना मोटारसायकलवरून घरी यायचं असतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे अपघात झाला की काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. आधी गर्दी, मग रास्ता रोको, मग निवेदन. मग कोणीतरी डांबराचा एक उंचवटा टाकून जातो. त्याला ना पांढरे पट्टे, ना अलीकडे पाटी. महिन्याभरानं त्याच उंचवट्यावरून दुसरा कोणी पडतो. गतिरोधक किती उंच, किती रुंद आणि त्याआधी पाटी कुठं, याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे ठरलेले निकष आहेत. पण गावात उत्तर एकच मिळतं, "निधी नाही."

हे उत्तर खरं आहे का, हे बघायचं तर थोडं मागं जावं लागतं.

एक आणा, आणि सहा शेतकरी

इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा घ्यायला सुरुवात केली. हाच तो लोकल फंड. १८६९ ला त्याचा कायदा झाला. जमीन करातून जमा होणाऱ्या या पैशाचे दोन भाग रस्ते वगैरे कामांना आणि एक भाग शाळांना, अशी वाटणी होती. करमाळा तेव्हाही सोलापूर जिल्ह्यातला तालुका होता, त्यामुळं आपल्या खापरपणजोबांनीही हा आणा भरलेला आहे.

तो खर्च करायला जिल्ह्याची एक आणि तालुक्याची एक कमिटी असायची. तालुक्याच्या कमिटीत असिस्टंट कलेक्टर, मामलेदार, बांधकाम खात्याचा माणूस आणि शाळाखात्याचा माणूस हे सरकारी. आणि बिनसरकारी कोण? एक इनामदार आणि सहा जमीनधारक. ही माणसं निवडून आलेली नव्हती. साहेबापुढं त्यांचा आवाज किती चालत असेल, हे सांगायला नको. त्या काळाचं कौतुक करायचं कारण नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. रस्त्याच्या पैशाचा हिशोब जिथं व्हायचा, तिथं तालुक्यातल्या शेतकऱ्याला खुर्ची होती.

दोन आण्यांचं पेट्रोल

मग मोटारी आल्या. रस्ते बैलगाडीचे, त्यांना ते सोसेना. १९२७ ला सरकारनं एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय अनेकांना माहीत असेल. ते याच जयकरांच्या नावानं. मोटारवाल्यांनी रस्ता वापरायचा तर त्यांनीच पैसा द्यावा, असं समितीनं सुचवलं. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागं दोन आणे जादा कर आला आणि १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आज पेट्रोल-डिझेलवर आपण रस्त्याच्या नावानं जो उपकर भरतो, त्याचं मूळ हे.

कल्पना चांगलीच होती. पण दोन गोष्टी बदलल्या. पैसा दिल्लीत जमा व्हायला लागला, आणि तो रस्ता बांधायला होता. त्या रस्त्यावर माणूस सुरक्षित चालावा यासाठी वेगळा पैसा काढावा, हे फंडात नव्हतं.

घामाचे रस्ते

मधल्या काळात आपल्या भागातले रस्ते पैशापेक्षा घामानं झाले. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले आजी-आजोबा अजून काही घरांत आहेत, त्यांना विचारा. पोटासाठी खडी फोडली आणि तालुक्यातल्या वस्त्या जोडल्या गेल्या. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. कच्चे रस्ते पक्के झाले, गाड्यांचा वेग वाढला. उजनी झाल्यावर ऊस वाढला, कारखाने आले, आणि उसाच्या ट्रॉल्या रात्री-बेरात्री रस्त्यावर आल्या. मागं लाल पट्टी नाही, दिवा नाही, आणि एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या.

नगरकडून करमाळ्यावरून कंदर, टेंभुर्णीकडं जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यावर मालट्रक आहेत, ऊस आहे, शाळेची पोरं आहेत आणि आषाढीला वारकरी. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून आपल्याच तालुक्यातून पंढरपूरला जाते. रस्ता एकच, चालणारे सगळे वेगळे.

सुरक्षेचा पैसा कधी आला?

कोइमतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन २०१२ ला सुप्रीम कोर्टात गेले. आमच्याकडं येणारे अपघातातले जखमी आणि मृत्यू थांबवता येण्यासारखे आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. कोर्टानं २०१४ ला न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची समिती नेमली आणि ३० नोव्हेंबर २०१७ ला आदेश दिला. प्रत्येक राज्यात रस्ता सुरक्षा निधी असावा, त्यात वाहतुकीच्या दंडाचा पैसा यावा आणि तो सुरक्षेवरच खर्च व्हावा. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी.

म्हणजे बघा. रस्त्याचा फंड १८६३ चा, सुरक्षेचा फंड आत्ता आत्ताचा. मध्ये दीडशे वर्षं गेली.

आता एमएच ४५ ची नवी गाडी घेतलेल्यांनी कराची पावती काढून बघा. त्यात रस्ता सुरक्षा उपकराची ओळ असेल. तो पैसा तुमचाच आहे.

मग गावाला मिळत का नाही?

खरी अडचण इथं आहे. हा पैसा प्रामुख्यानं जातो तो ब्लॅक स्पॉटवर. केंद्राच्या व्याख्येनुसार साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट. आपल्या फाट्यावर तीन वर्षांत तीन माणसं गेली असतील तर ती जागा यादीत बसत नाही. आणखी माणसं जाण्याची वाट बघायची, असाच याचा अर्थ.

त्यात आपली सवय. "मिटवून टाकू, पोलिसांत कशाला?" मोटारसायकल घसरली, पाय मोडला, दवाखान्याचा खर्च आपसात वाटला. नोंद शून्य. पोलिसांनी नोंदलेला अपघातच आता संगणकावरच्या ई-डार प्रणालीत चढतो आणि यादी त्यावरून होते. जे कागदावर नाही, ते सरकारच्या लेखी झालंच नाही.

२०२२ ला देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. देशातल्या मृत्यूंपैकी साधारण दोन-तृतीयांश ग्रामीण भागातले. मरणारा खेड्यातला, आणि मागायची खिडकी जिल्ह्याला.

बदल होत नाही असं नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ ला १५१ माणसं गेली होती. तिथं सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस आणि एका वाहन कंपनीनं मिळून एकेक अपघात तपासला, एकेक कठडा, एकेक वळण दुरुस्त केलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. मोठ्या रस्त्याला कंपनीचा पैसा मिळाला. आपल्या फाट्याला कंपनी येणार नाही, पण पद्धत तीच वापरता येते. आधी नोंद, मग दुरुस्ती.

आपण काय करायचं?

एक, ग्रामपंचायतीत अपघाताची वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय वाहन, काय कारण. छोटा अपघातही लिहा.

दोन, जखमी झालं तर पोलिसांत नोंद करा. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नका.

तीन, त्या वहीवरून ग्रामसभेचा ठराव करा. "उपाययोजना करावी" असं मोघम नको. कुठल्या फाट्यावर पाटी, कुठं पट्टे, कुठं दिवा, कुठली बाभूळ छाटायची, ते लिहा. गावातल्या रस्त्यावरचं काम वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून विकास आराखड्यात घालता येईल. महामार्गावरचं मात्र गावानं परस्पर करू नये. तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीकडं पाठवा, पोच घ्या.

चार, ट्रॉलीच्या मागं लाल परावर्तक लावणं नियमानं बंधनकारक आहे आणि खर्च काही शे रुपयांचा. यासाठी कुठल्याच अनुदानाची वाट बघायला नको. वाहनमालक आणि कारखाना, दोघांनी मनावर घेतलं तर मोळी टाकायच्या दिवशी हे होऊ शकतं.

आणि शासनाकडं मागणी एकच. सुरक्षा निधीतला ठरावीक वाटा तालुक्याला द्या, ग्रामसभेच्या ठरावावर द्या, आणि दहा मृत्यूंची अट गावाच्या फाट्याला लावू नका. परक्या सरकारच्या कमिटीत सहा शेतकरी बसत होते. आपल्या सरकारच्या समितीत तालुक्यातले दोन तरी बसायला काय हरकत आहे?

तुमच्या गावातली धोक्याची जागा खाली लिहा. गावाचं नाव, फाटा, आणि नेमकं काय होतं ते. यादी झाली की ती ठरावांसोबत जिल्ह्याला देऊ. वही सुरू करायला तर कोणाच्या मंजुरीची गरज नाही.