वांझ तूर आणि तीन केवडे

लातूर-नांदेडकडच्या तुरीच्या रानात एखादं झाड भलतंच हिरवंगार दिसतं. शेजारची झाडं शेंगांनी लगडलेली. हे मात्र झुडपासारखं दाट, पानं बारीक, त्यांवर फिकट-गडद चट्टे, आणि फूल एकही नाही. शेतकरी त्याला 'वांझ' म्हणतो. संस्कृत 'वंध्या', प्राकृत 'वंझा', मराठी 'वांझ' असा हा शब्द सरळ चालत आला आहे. पुस्तिकांत तोच 'वंध्यत्व रोग' होतो, पण तत्सम झाल्यानं त्यातला अन्याय कमी होत नाही. बायकांच्या वाट्याला या शब्दानं जे आलं, तेच तुरीच्या वाट्याला आलं: दोष दुसऱ्याचा आणि नाव हिचं. हा रोग विषाणूचा आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी तो या झाडावरून त्या झाडावर नेतात. बिहारमधल्या पुसा इथून त्याची शास्त्रीय नोंद झाली १९३१ साली, आणि विषाणू हाती लागला तो २००० च्या सुमारास. तोवर वांझपणाचं कारण शास्त्रालाही नेमकं ठाऊक नव्हतं.

'मर' हे नाव त्या मानानं सरळ आहे, मरणे या क्रियापदावरून आलेलं. मर लागलेल्या तुरीचं खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. जमिनीतली बुरशी मुळांतून शिरून पाण्याची वाट तुंबवते. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं 'बीएसएमआर ७३६' हा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकेल असा निवडला. त्याच्या नावातली 'एसएम' ही अक्षरं वांझ रोगाच्या इंग्रजी नावाची, स्टरिलिटी मोझॅकची.

खरी गुंतागुंत 'केवडा' या शब्दात आहे. 'केतक'चा केवडा झाला, आणि त्या पात्यासारखं पिवळट-पांढुरकं पडलेलं पान पाहून रोगालाही तेच नाव मिळालं असावं. मराठवाड्यात सूर्यफुलावर हा रोग १९८४ च्या सुमारास दिसला आणि पुढं लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं त्याला तोंड देणारे संकरित वाण काढले. पण केवडा बाजरीवरही येतो, तिथं त्याला गोसावीही म्हणतात, कारण कणसाच्या जागी जटांसारखा हिरवा गुंता होतो. भेंडीची पानं पिवळी पडली तरी केवडाच. सूर्यफूल आणि बाजरीचे रोगकारक बुरशीसारखे, पण एकमेकांहून वेगळे. भेंडीचा तर विषाणू, पांढऱ्या माशीनं आणलेला. ही नावं डोळ्यांनी ठेवलेली आहेत आणि लक्षण टिपण्यात ती अचूक आहेत. कारण सांगणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच.

रोग थोपवण्यासाठी केल्या जाणाऱ्या जनुक संपादनाला मात्र कारणच लागतं. 'संपादन' म्हणजे मुळात मिळवणं, तडीस नेणं. शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द पडतो तो भूसंपादनाच्या नोटिशीतून, म्हणून 'जनुक संपादन' म्हटल्यावर त्याच्या मनात शंका येणं मला स्वाभाविक वाटतं. इथं अर्थ वृत्तपत्राच्या संपादकाच्या अंगानं घ्यायचा: वनस्पतीच्या स्वतःच्याच मजकुरातली नेमकी अक्षरं बदलायची.

आणि इथं 'रोगप्रतिकारक' या छापील शब्दापेक्षा बोलीतलं 'रोगाला बळी पडणं' मला जास्त नेमकं वाटतं. भाताच्या कडा करप्याचा जीवाणू भाताचंच साखर वाहणारं जनुक चालू करतो आणि त्या साखरेवर पोसतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी जीवाणू जिथं हात घालतो तेवढीच अक्षरं बदलली. भाताला नवं शस्त्र मिळालं नाही. बळी पडण्याची जागा गेली.

भारतात मे २०२५ मध्ये जाहीर झालेले संपादित वाण दोन, दोन्ही भाताचे. एक उत्पादनासाठी, दुसरा दुष्काळ आणि खारट जमिनीसाठी. तुरीचा जनुकसंच २०११ मध्येच उलगडला, पण संपादन केलेल्या तुरीच्या पेशीपासून प्रयोगशाळेत पुन्हा अख्खं रोप उभं करणं अवघड जातं. या कामाला पैसा आणि माणसं मिळायला हवीत, कारण मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाचा आधार तूर आहे, भात नव्हे. आणि असं बियाणं कधी दुकानात आलं, तर पिशवीवर 'केवडा प्रतिकारक' एवढंच छापून चालणार नाही. कोणता केवडा, कशानं होणारा, आणि वाण तो येऊच देत नाही की नुसता सोसतो, हे मराठीत ठळक लिहिलेलं असलं पाहिजे.