उन्हाळ्यात शेळ्या वारंवार उलटतात? आधी बोकड तपासा

जून-जुलैमध्ये अनेक शेळीपालकांची तक्रार असते की, शेळ्या माजावर येतात, बोकडही दाखवला जातो, पण शेळ्या गाभण राहत नाहीत. दोन-तीन वेळा उलटलेली शेळी भाकड समजून बाजारात विकली जाते. कळपातील एक-दोनच शेळ्या उलटत असतील तर दोष शेळीत असू शकतो. मात्र एकाच बोकडाने भरलेल्या बहुतेक शेळ्या १८ ते २१ दिवसांनी पुन्हा माजावर येत असतील, तर शेळ्या विकण्याआधी बोकडाकडे पाहावे. कारण बऱ्याचदा मे महिन्यातील उन्हात असते.

उष्णतेचा वृषणांवर होणारा परिणाम

शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा साधारण २ ते ६ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. म्हणूनच वृषण शरीराबाहेर अंडकोषात असतात. थंडीत अंडकोष आखडून पोटाजवळ येतो, उन्हात सैल होऊन खाली लोंबतो. वृषणाकडे येणाऱ्या रक्तवाहिनीभोवती परत जाणाऱ्या थंड रक्ताच्या शिरांचे जाळे असते, त्यामुळे आत येणारे रक्त वाटेतच थंड होते. अंडकोषाच्या त्वचेला घामही येतो. परंतु हवा आणि जमीन दोन्ही तापलेली असतील आणि रात्रीही गारवा नसेल, तर ही व्यवस्था अपुरी पडते. तयार होत असलेल्या शुक्रपेशी मरतात किंवा सदोष होतात. वीर्यातील शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटते आणि डोके सुटलेले, शेपूट वळलेले शुक्रजंतू वाढतात.

मूळ पेशी सहसा जिवंत राहतात. त्यामुळे ऊन ओसरल्यावर बोकड पुन्हा सुधारतो, पण त्याला वेळ लागतो.

नुकसान उशिरा दिसते

बोकडात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ४८ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या नळीत पक्व होण्यासाठी आणखी १० ते १४ दिवस जातात. समजा, १० ते २० मे या काळात उष्णतेची लाट आली. लाटेआधीच पक्व होत आलेले शुक्रजंतू पुढचे काही दिवस कामी येतात, त्यामुळे लगेच फरक जाणवत नाही. मेअखेरपासून वीर्य खराब होऊ लागते आणि पूर्ववत व्हायला जुलैचा तिसरा आठवडा उजाडतो. म्हणजे पाऊस पडून, हिरवा चारा येऊन शेळ्या-मेंढ्या चांगल्या माजावर येतात, नेमका तोच काळ वाया जातो. शेळी दोनदा उलटली की वेत सुमारे ४० दिवस लांबते.

मेंढ्यात हा काळ जवळजवळ बोकडाइतकाच असतो, तर वळूत शुक्रजंतू तयार होण्यासच सुमारे ६१ दिवस लागतात. रेड्याचा रंग काळा आणि घामग्रंथी कमी, त्यामुळे डुंबायला पाणी किंवा दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पाणी मिळाले नाही तर त्याला उन्हाचा त्रास लवकर होतो.

उडतो म्हणजे फळवतो असे नाही

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. बोकड जोमाने उडतो, वास येतो, शेळीमागे धावतो, म्हणून तो चांगला असे धरले जाते. कामेच्छा ठीक असूनही वीर्य निकृष्ट असू शकते. खात्री वीर्य तपासणीनेच होते, ती पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. घरच्या घरी करता येईल असा उपाय म्हणजे फेब्रुवारीत अंडकोषाचा घेर टेपने मोजून वहीत लिहून ठेवावा आणि जूनमध्ये पुन्हा मोजावा. घेर कमी झाला असेल आणि वृषण हाताला मऊ, ढिले लागत असतील तर शंका घ्यावी. निरोगी वृषण दोन्ही बाजूंना सारखे व टणक असतात. एका बाजूस सूज, वेदना किंवा कळपात गर्भपात असतील तर तो उन्हाचा परिणाम समजू नये. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्यावे. तापाच्या आजारानंतरही वीर्य असेच खराब होते, हेही लक्षात ठेवावे.

काय करावे

सावली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कडुनिंब, चिंच किंवा आंब्याची दाट सावली पत्र्याच्या शेडपेक्षा चांगली. शेड पत्र्याचेच असेल तर छत उंच ठेवावे, वरून पांढरा रंग द्यावा किंवा उसाचे पाचट, तुराट्या टाकाव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाजूला ओले गोणपाट लावल्याने चांगला गारवा येतो. कोकणात मात्र हवेत आधीच दमटपणा असतो, तिथे गोणपाटापेक्षा मोकळी हवा आणि पंखा उपयोगी. बंद शेडमध्ये पाणी फवारून कोंडमारा वाढवू नये.

पैदाशीचा बोकड दुपारी चरायला सोडू नये. पहाटे व संध्याकाळी चारावा, खुराक रात्री द्यावा. पाणी सावलीत आणि दिवसभर समोर असावे. खनिज मिश्रण नियमित द्यावे, त्यातील जस्त शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी आवश्यक असते. मेंढ्याच्या अंडकोषावरील लोकर उन्हाळ्याआधी कातरावी, कातडीला इजा होऊ देऊ नये.

शेळ्या सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर भरवाव्यात. एरवी एका बोकडामागे २० ते ३० शेळ्या चालतात, पण उन्हाळ्यात व त्यानंतरचे दोन महिने ही संख्या कमी करून दुसरा बोकड हाताशी ठेवावा. भर उन्हात टेम्पोतून आणलेल्या नव्या बोकडावर लगेच विसंबू नये. गाई-म्हशींसाठी या काळात गोठित वीर्याचे कृत्रिम रेतन हा चांगला पर्याय आहे, कारण त्या रेतमात्रांची गुणवत्ता तपासलेली असते. तरीही उन्हाचा ताण गाई-म्हशींवरही असतोच. म्हशींत तर उन्हाळ्यात मुका माज जास्त दिसतो, म्हणून पहाटे व रात्री लक्ष ठेवावे.