फुलबागेचा पूर्वपक्ष

कोल्हापुरात महावीर उद्यानात गार्डन्स क्लबचं पुष्पप्रदर्शन भरलं, की एक शेरा हमखास कानावर पडतो : ‘हे साहेबाचं खूळ. साहेब गेला, बंगलेवाल्यांनी उचललं.’ शिकलीसवरलेली माणसं हेच जरा भारदस्तपणे सांगतात. उद्यानसंस्था म्हणजे वसाहतकाळाची देणगी, सवडवाल्यांची करमणूक. मातीत राबणाऱ्याचा तिच्याशी संबंध नाही.

या पूर्वपक्षात बाग आणि संस्था यांची गल्लत आहे. फुलबाग साहेबाने आणली म्हणणाऱ्याने कागलजवळच्या बामणीचा शिलालेख पाहावा. शके १०७३ चा, शिलाहार विजयादित्याचा. पार्श्वनाथाच्या पूजेअर्चेसाठी राजाने शेत दिलं, घर दिलं आणि सोबत फुलबागही दिली. म्हणजे शेताच्या पंगतीला बसणारी ती मिळकत होती, दगडात कोरून ठेवण्याइतकी मोलाची. रोज देवाला फुलं लागायची, तेव्हा ती पिकवणारे हातही असणारच. त्याच शतकातल्या, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही बागेचा विषय आहे. तेव्हा कुठला साहेब?

संस्था मात्र तिकडची, हे कबूल. सभासद, वर्गणी, परीक्षक, चषक हा सगळा साचा विलायती. पण तो करमणुकीसाठी इथे आला, हे काही पटत नाही. कलकत्त्याची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२० साली विल्यम कॅरीने काढली. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा तोच हा कॅरी. आपण त्याला व्याकरणापुरता ओळखतो, त्याची झाडं विसरतो. त्याच्या डोळ्यांपुढे गुलदस्ते नव्हते, शेतीची सुधारणा होती. पश्चिम भारताची अशीच संस्था पुण्यात १८३० साली निघाली. एम्प्रेस गार्डन सांभाळते ती हीच. नावातसुद्धा आधी शेती येते, मागून बाग. आणि शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफी लावून पाहिली, ती काय दिवाणखान्यातल्या कुंडीत?

पूर्वपक्षाचा एक टोला मात्र मला चुकवता येत नाही. प्रदर्शनात कुंडीपुढच्या कार्डावर नाव असतं ते मालकाचं. कुंडी वर्षभर सांभाळणारा माळी मांडवाच्या कडेला उभा असतो. ही खोट खरीच आहे. पण ती कार्डाची खोट. तेवढ्यावरून मांडवच उपटून टाका म्हणणं मला मान्य नाही. कारण ज्याला बंगलेवाल्यांचा मेळा म्हणतात, त्या मांडवात विद्या हातोहात फिरताना मी पाहिली आहे.

एका प्रदर्शनात शेवंतीचं एक फूल होतं, चांगलं बशीएवढं. एक बाई वाकून वाकून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरच्या शेवंतीला फुलं भरपूर यायची, पण बटणाएवढी. मालक चहाला गेलेले. कडेचा माळी पुढे आला आणि देठाच्या बगलेतली बारीक खूण बोटाने दाखवून म्हणाला, “हितल्या कळ्या खुडल्यात बघा. शेंड्याची एकच ठेवायची.”

“केव्हा खुडायच्या?”

“वाटाण्याएवढ्या व्हायच्या आत. उशीर झाला की समदा जोर त्याच खातात, वैनी.”

बाईंनी पर्स उघडली, कागद काही सापडेना. शेवटी तळहातावरच पेनाने लिहून घेतलं.