उलट्या आट्यांचा मागोवा

डावखुऱ्या माणसाला एक स्क्रू आवळायला द्या आणि मग तोच काढायला सांगा. काढताना तो जास्त जोरात असतो. हा सरावाचा भाग नाही, दंडाचा आहे. कोपर वाकवून तळहात वरच्या बाजूला वळवताना दंडातला बायसेप्स हा दणकट स्नायू कामाला लागतो. तळहात खाली वळवताना तो मदतीला येत नाही. उजव्या हाताची ही जोराची दिशा घड्याळाच्या काट्यांची, म्हणजे आवळण्याची. डाव्या हाताची बरोबर उलटी. त्यामुळे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत एखादा डेबऱ्या फिटर गंजलेले स्क्रू सोडवण्यात पटाईत निघाला तर नवल नाही. दिवसभर नवे स्क्रू आवळायचे काम आलं, तर मात्र संध्याकाळी मनगट त्याचंच आधी भरून येणार.

आटे सगळीकडे एकाच बाजूला का वळले, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर हेच: बहुतेक माणसं उजवी, म्हणून आटे उजवे. मला ते अर्धंच उत्तर वाटतं. मळसूत्र जुनं आहे. भूमध्य समुद्राकाठी दोन हजार वर्षांपूर्वी द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायच्या घाण्यांना लाकडी मळसूत्रं होती. पण पुढची कित्येक शतकं प्रत्येक मळसूत्र हातानं कोरलेलं असे. या बोल्टचा नट त्या बोल्टला बसत नसे, मग दिशेचा नियम कुठून येणार? हाताच्या सोयीनं एक सवय पडली असेल, पण सवयीचा कायदा व्हायला यंत्र लागलं.

ते यंत्र म्हणजे लंडनच्या हेन्री मॉडस्लेचा आटे पाडायचा लेथ, साधारण १८०० सालचा. लेथवरच्या लांब मार्गदर्शक स्क्रूनं हत्यार ठरावीक वेगानं सरकतं आणि त्याच मापाचे आटे पुन्हा पुन्हा पडतात. मॉडस्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं एक प्रमाण माप सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचं माप मांडलं. कोनावरून दोन खंडांत पुढे दीर्घकाळ जुळलं नाही. दिशेवरून वाद झाल्याचं ऐकिवात नाही. उजवी दिशा तोवर सगळ्यांनी गृहीतच धरली होती.

आपल्याकडे लेथ बनवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांत किर्लोस्कर ठळक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिचे लेथ देशभरच्या वर्कशॉपांत गेले. देशानं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं स्वीकारली, तरी इंच काही सुटला नाही. आजही गॅरेजमध्ये ‘चार सुती बोल्ट दे’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच.

आयटीआयतल्या पोराला लेथवर उजवे आटे पाडताना हत्यार उजवीकडून डावीकडे, काम पकडणाऱ्या चककडे न्यायला शिकवतात. डावे आटे पाडायचे तर मार्गदर्शक स्क्रूची दिशा बदलून हत्यार चकपासून दूर न्यायचं. यंत्राला दोन्ही सारखंच. अवघड काही नाही, फक्त मागणी नाही.

तरी उलटे आटे टिकून आहेत, आणि ते जिथे आहेत त्या जागा पाहण्यासारख्या आहेत. वेल्डिंगच्या दुकानात दोन सिलिंडर शेजारी उभे असतात: ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलीनचा तपकिरी-लाल. ऑक्सिजनच्या जोडणीला सुलटे आटे, ॲसिटिलीनला उलटे, आणि उलट्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या. जळणारा वायू ऑक्सिजनच्या नळीत चुकूनही जाऊ नये म्हणून ही तजवीज. घाईत, अंधारात, हेल्पर नवा असला तरी चुकीचा नट बसतच नाही. (घरच्या गॅस सिलिंडरचा प्रश्न वेगळा, त्याचा रेग्युलेटर खटक्यानं बसतो, आट्यांची भानगडच नाही.)

बेंच ग्राइंडरच्या डावीकडच्या चाकाच्या नटाला उलटे आटे असतात, नाहीतर चाक फिरता फिरता नट सैल करत नेईल. घरच्या टेबलफॅनच्या पात्यांवरची प्लॅस्टिकची टोपी याच हिशोबाची. उन्हाळ्यापूर्वी पंखा पुसायला काढताना ती निम्म्या घरांत आधी चुकीच्या बाजूनं पिळली जात असेल. जुन्या काही ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. हैदराबाद आणि यवतमाळचे रस्ते जिथे फुटतात त्या बुटीबोरीत टायरवाल्यांना हे सांगावं लागत नाही. रेल्वेच्या जुन्या डब्यांमधला स्क्रू कपलिंगचा दांडा तर अर्धा उजवा, अर्धा डावा. मधला दांडा फिरवला की दोन्ही टोकं एकाच वेळी जवळ येतात. मुंबईहून १८६७ मध्ये नागपूरला पोचलेल्या लोहमार्गावर अशी कपलिंगं पिढ्यान्‌पिढ्या आवळली गेली.

या सगळ्यात एकही उलटा आटा डावखुऱ्यांसाठी पाडलेला नाही. तो यंत्राच्या फिरण्यासाठी आहे किंवा माणसाच्या चुकीसाठी. डावखुऱ्याला त्यातून मिळतं ते योगायोगानं, आणि तेही थोडं, कारण सिलिंडरचा नट पान्यानं आवळतात आणि पान्यावर जोर खांद्याचा लागतो, मनगटाचा नाही. कात्री, व्हर्नियर, हात-मायक्रोमीटर यांचं गाऱ्हाणं याहून मोठं आहे. व्हर्नियर डाव्या हातात धरला की आकडेच उलटे दिसतात. सचिन तेंडुलकर डाव्या हातानं लिहितो आणि उजव्यानं खेळला, म्हणून डावेपणाचं कौतुक सगळ्यांना. वर्कशॉपमध्ये मात्र डावखुऱ्यानं स्वतःला वळवून घ्यायचं, अवजारानं नाही.

शंखांच्या आट्यांचा प्रकार मात्र उफराटा. पूजेतला शंख ज्या प्राण्याचा, त्याची बहुतेक सगळी कवचं एकाच बाजूला वळतात. क्वचित सापडणारा उलट्या वळणाचा शंख दक्षिणावर्ती म्हणून देवघरात मिरवतो आणि भारी किमतीला जातो. जीवशास्त्रज्ञ त्यालाच डावा म्हणतात.

आता असेंब्ली लाइनवर हवेच्या दाबावरची गन आली आहे. ट्रिगर दाबला की नट बसतो, बटण फिरवलं की सुटतो. मनगट कुठलं, हा प्रश्न तिथे मिटला. दुरुस्तीच्या कामात तो अजून शिल्लक आहे, आणि घरातल्या सायकलीत तर नक्कीच. उजव्या पेडलला सुलटे आटे, डाव्याला उलटे. पाय मारताना पेडलच्या दांड्यावरचा भार गोल फिरत राहतो आणि दांडा हळूहळू विरुद्ध दिशेला सरकू पाहतो; म्हणून ही सोय. डावं पेडल सुटत नसेल तर हातोडी घेण्याआधी पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवून पाहा. तिथले आटे एकदा घसरले की पेडलबरोबर क्रँकही बदलावी लागते.