हंगामाचे माप : हजारे, मर्चंट आणि मोदी



दोन मल्लांत सरस कोण, हा प्रश्न आपल्या कृष्णाकाठी फार दिवस रेंगाळत नाही. दोघांची जोड लावावी, आखाड्यात उतरवावे. एकाची पाठ मातीला लागली की वाद मिटला. क्रिकेटच्या फलंदाजांचे तसे नाही. दोन फलंदाज समोरासमोर उभे राहून एकमेकांशी कधीच झुंजत नाहीत. एक आज मुंबईत खेळतो, दुसरा उद्या पुण्यात खेळतो, तिसरा पन्नास वर्षांनी हैदराबादेत खेळतो. आणि आपण मात्र त्यांच्या धावांचे आकडे एका कागदावर ओळीने मांडून थोरला कोण ते ठरवू पाहतो. आकडा खोटे बोलत नाही, पण विचारल्यावाचून सगळे खरेही सांगत नाही. आजचा विषय घेताना माझ्या मनात हेच होते. शिवाय या विषयाचा नायक सांगलीत जन्मलेला. त्यामुळे आपल्याकडून थोडा पक्षपात झाला तरी तो क्षम्य मानावा!

हा वाद केवळ आपलाच नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात फटका मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की त्याला होमरन म्हणतात. आपल्या षटकाराचा तो चुलतभाऊ. बेब रूथ नावाच्या खेळाडूने १९२७ च्या हंगामात असे ६० फटके मारले. तो आकडा तिकडे वेदवाक्य होऊन बसला. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ मारले, तेव्हा आनंदाऐवजी भांडणच उभे राहिले. रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, मॅरिसच्या वेळी तो १६२ सामन्यांचा झाला होता. मग ६१ मोठे की ६०? पुढे २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ मारले, पण त्या काळावर उत्तेजक औषधांची काळी छाया पडलेली असल्यामुळे जुने लोक तो आकडा अजून तोंड वाकडे करूनच उच्चारतात. मला विचाराल तर रूथची खरी थोरवी ६० मध्ये नाहीच. ती १९२० सालच्या ५४ मध्ये आहे. कारण त्या वर्षी त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाला मिळूनसुद्धा ५४ होमरन मारता आले नव्हते. माणूस किती उंच आहे हे पाहायचे तर शेजारी उभे असलेले लोकही पाहावे लागतात.

हे सूत्र हाती धरून आपण आपल्या घरी येऊ.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. वडील शाळामास्तर, कुटुंब मराठी ख्रिस्ती, भावंडे आठ. अशा घरातल्या मुलाने क्रिकेटच्या जोरावर पुढे यावे हे त्या काळी संस्थानिकांच्या आश्रयावाचून शक्य नव्हते, आणि तो आश्रय त्यांना देवासला आणि पुढे बडोद्याला मिळाला. ऑस्ट्रेलियाचा थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट त्या सुमारास आपल्या जत संस्थानच्या राजेसाहेबांकडे आलेला होता. त्याचे मार्गदर्शन हजाऱ्यांना लाभले. हजारे बॅट दोन पॅडांच्या मध्ये धरून उभे राहत. पुस्तकी दृष्टीने ही ढब चूकच. पण ग्रिमेटने ती बदलू नको असे सांगितले. शिकवणाऱ्याचे मोठेपण पुष्कळदा हात न लावण्यातच असते.

१९३९-४० साली पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात भारतीयाने काढलेले ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्याच्या बाजूने खेळू लागले.

आता तो हंगाम, १९४३-४४ चा. जगात महायुद्ध पेटलेले. १९३६ नंतर १९४६ पर्यंत भारताच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नाही. हजाऱ्यांच्या वयाची ऐन तारुण्याची, फलंदाजाच्या दृष्टीने सोन्याची अशी वर्षे या दुष्काळात गेली. घरचा हंगाम हीच त्या पिढीची कसोटी होती. त्या हंगामाचा मुकुटमणी म्हणजे मुंबईची पंचरंगी स्पर्धा. तिच्यात संघ पडत ते धर्माप्रमाणे : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि या चौघांत न बसणाऱ्यांचा ‘इतर’ म्हणजे ‘रेस्ट’. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात या जातवार खेळाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली होती. तरी स्पर्धा चालू राहिली आणि १९४६ मध्ये कायमची बंद पडली. ती बंद झाली हे योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु आजच्या विषयापुरती एक गोष्ट ध्यानात घ्या. विजय मर्चंट हिंदूंच्या बलाढ्य संघात; हजारे ख्रिस्ती म्हणून ‘इतरां’च्या दुबळ्या संघात. दोघांच्या पाठीशी उभे असलेले बळ सारखे नव्हते, आणि ते त्यांनी स्वतः निवडलेलेही नव्हते.

या स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक मर्चंटांच्या नावावर होता; १९४१-४२ मधला नाबाद २४३. हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ काढून तो मोडला. लगेच डिसेंबर १९४३ मधल्या अंतिम सामन्यात, ब्रेबर्न स्टेडियमवर, हजाऱ्यांच्याच संघासमोर मर्चंटांनी नाबाद २५० काढले आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ १३३ मध्ये गारद. त्यांत ५९ हजाऱ्यांचे. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात ‘इतरां’नी ३८७ धावा केल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! उरलेले दहा गडी आणि अवांतर मिळून ७८. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली. जोडीला धाकटे बंधू विवेक होते, आणि त्या तीनशेंत त्यांच्या धावा होत्या २१. पण या एकवीस धावांना कमी लेखू नका. एका बाजूने भिंत उभी राहिली म्हणून दुसऱ्या बाजूला घर बांधता आले. ‘इतर’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

मर्चंट स्वस्थ बसणारे नव्हते. त्याच हंगामात रणजी सामन्यात त्यांनी आपल्या महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून हजाऱ्यांचा ३१६ चा उच्चांक हिरावून घेतला. मुंबईचा डाव ७३५ चा झाला आणि तरुण रुसी मोदींबरोबर मर्चंटांनी ३७१ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या हंगामाची बेरीज मात्र १४२३ झाली, सरासरी १७७.८७. भारतातल्या एका हंगामात हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले भारतीय ठरले.

हजाऱ्यांची ही कामगिरी ताजी असतानाच, १९४४-४५ साली, वीस वर्षांच्या रुसी मोदींनी रणजी करंडकाच्या पाच सामन्यांत १००८ धावा केल्या. सात डाव असे : १६०, २१०, नाबाद २४५, नाबाद ३१, ११३, ९८ आणि १५१. सरासरी २०१.६०. अंतिम सामना होळकर संघाशी झाला. होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ खेळला, तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. मोदींचा रणजीतील हा आकडा ४४ वर्षे टिकला. १९८८-८९ मध्ये तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामनने १०१८ केले. १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या लक्ष्मणने १४१५ केले. पण लक्ष्मणला सामने मिळाले नऊ. मोदींची सामन्यामागे दोनशेंहून अधिक धाव पडते, लक्ष्मणची १५७. रूथ आणि मॅरिसचे भांडण इथे जसेच्या तसे उभे राहते, आणि माझा कौल मोदींकडे आहे.

येथे कोणी शंकेखोर श्रोता उठून म्हणेल, ‘अहो, युद्धकाळात ब्रेबर्नची खेळपट्टी म्हणजे गोलंदाजांची स्मशानभूमी! तिथे कोणीही उठावे आणि द्विशतक ठोकावे.’ या आक्षेपात तथ्य आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. त्या काळी धावांचा महापूर आला होता. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या गुल महंमदने ३१९ आणि हजाऱ्यांनी २८८ काढून होळकर संघाविरुद्ध ५७७ ची भागी केली. जगात कोणत्याही गड्यासाठी झालेली ती सर्वांत मोठी भागी म्हणून ५९ वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, अबाधित राहिली. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर असताना, ब्रॅडमनच्या ४५२ पासून अवघ्या नऊ धावा दूर असताना, काठेवाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. भाऊसाहेबांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. हा अन्याय मला त्या सुटलेल्या सामन्याहून मोठा वाटतो. आणि १९४७-४८ मध्ये मुंबईच्या के. सी. इब्राहिमांनी नाबाद २१८, नाबाद ३६, नाबाद २३४, नाबाद ७७ आणि मग १४४ अशा खेळी केल्या. म्हणजे एकदा बाद होण्यासाठी ७०९ धावा! त्यांच्या वाट्याला कसोट्या आल्या चार, धावा झाल्या १६९. तेव्हा एक हंगाम गाजवला म्हणजे सर्व सिद्ध झाले असे नाही, हे इब्राहिमांच्या उदाहरणावरून मान्य करावेच लागते.

मग हजाऱ्यांच्या हंगामाला वेगळे स्थान का द्यावे? त्याचे उत्तर १४२३ या बेरजेत नाही. ते ३८७ पैकी ३०९ मध्ये आहे, आणि त्याहून अधिक त्या १३३ मध्ये आहे. खेळपट्टी जर इतकी सोपी होती, तर त्याच खेळपट्टीवर त्याच सामन्यात ‘इतर’ १३३ मध्ये कसे कोसळले? दोन्ही डाव मिळून ५२० पैकी ३६८ धावा एकाच माणसाच्या आहेत. संघाच्या धावांपैकी एका फलंदाजाचा वाटा शेकडा ऐंशीच्या घरात जाणे ही जगाच्या इतिहासातही दुर्मिळ गोष्ट. १८७७ च्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बॅनरमनने २४५ पैकी १६५ केल्या. तो वाटा शेकडा ६७ चा. १९७७ साली ग्लेन टर्नरने वूस्टरशायरकडून १६९ पैकी नाबाद १४१ करून शेकडा ८३ गाठले. पण तो डाव लहान होता. ३८७ च्या डावात हा वाटा उचलणे म्हणजे रूथचे १९२० सालचे ५४ आहे. मर्चंटांच्या नाबाद २५० मागे ५८१ होते, मोदींच्या मागे सारी मुंबई होती.

तरीही मर्चंट आणि मोदी यांना खाली बसवण्याचा माझा हेतू नाही. एक गंमत सांगतो. कसोटीत मर्चंटांची सरासरी ४७.७२, हजाऱ्यांची ४७.६५ आणि मोदींची ४६. मर्चंट आणि मोदी यांना दहा-दहाच कसोट्या मिळाल्या, हजाऱ्यांना तीस. मुंबईच्या त्या मऊ खेळपट्ट्यांवर शेकड्यांनी वेगळे दिसणारे तिघे, परक्या आणि कठीण परीक्षेत जवळजवळ एकाच रेषेवर येऊन उभे राहतात! युद्धकाळच्या धावा फुगलेल्या होत्या हे खरे, पण फुगा तिघांचाही सारखाच फुगला होता, आणि आत माणूस खरा होता.

हजाऱ्यांचे हे खरेपण जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला दिसले. लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके केली. दुसऱ्या डावात भारताच्या २७७ झाल्या. अधिकाऱ्यांनी ५१ धावांची साथ दिली, आणि सहा फलंदाज शून्यावर परतले. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावांत ब्रॅडमनच्या २०१ होत्या, आणि त्याचा त्रिफळा उडवला होता तोही हजाऱ्यांनीच. भारत तो सामना एक डाव आणि १६ धावांनी हरला.