बाळाच्या पायाचं प्लास्टर: हिप्पोक्रेटिसपासून आयोवापर्यंत

आज राजेरजवाडे नाहीत, तहनामे नाहीत. आज बोलायचंय ते जन्मल्यानंतर जेमतेम दहा-पंधरा दिवसांत पायाला प्लास्टर चढलेल्या बाळांबद्दल. म्हणजे त्या प्लास्टरच्या इतिहासाबद्दल. आणि त्या इतिहासात बाळाच्या सोयीचा विचार कधी आणि कसा शिरला, याबद्दल.

जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं, त्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे कुणी वाकडा पाय म्हणतं, कुणी फेंगडा. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हे असतं, म्हणजे तसं काही दुर्मीळ नाही. निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. बाकी बाळ बहुतेकदा ठणठणीत असतं.

तरी घरात पहिला प्रश्न काय येतो? "ग्रहणात भाजी चिरली होतीस का गं?" बाळंतिणीला हे ऐकावं लागतं, आजही. आता गंमत बघा. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोज पारे हा त्या काळातला मोठा माणूस, राजांच्या पदरी असलेला. त्यानेही जन्मजात व्यंगांची कारणं मांडताना आईला धरलं. गरोदरपणी पाय मुडपून, एकावर एक टाकून फार वेळ बसली म्हणून बाळ वाकडं, असं तो लिहितो. पॅरिस असो की पैठण, दोष आईचाच! आज आपल्याला एवढं पक्कं माहीत आहे की ग्रहणाचा किंवा बसण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा उपचार आईच्या हातून व्हायचा असतो आणि अपराधी वाटणारी आई आधीच खचलेली असते.

आता उपचाराकडे येऊ. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने जे ग्रंथ आहेत, त्यांत या पायाचं वर्णन आहे. सल्ला असा, की लवकर सुरू करा, हाताने हळूहळू वळवा, पट्टी बांधा आणि पट्टी पुन्हापुन्हा बदला. जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. लक्षात ठेवा, शेवटी आपण फिरून इथेच येणार आहोत.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत क्लबफूट नाही, पण मोडलेल्या हाडाच्या बंधनाचा विचार फार बारकाईने केलाय. उंबर, पिंपळ अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कांबी वापरून बांधायचं. बंधन सैल झालं तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट झालं तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. आणि ऋतूप्रमाणे बंधन बदलायचं. थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. उन्हाळ्यात बंधनाखाली काय होतं, हे ज्याने स्वतः बघितलं असेल त्यालाच असं सुचेल.

मग युरोपात 1741 साल येतं. निकोलस आंद्री हा ऐंशी ओलांडलेला फ्रेंच वैद्य मुलांच्या शरीरातले दोष सुधारण्यावर पुस्तक लिहितो आणि त्यासाठी एक नवा शब्द बनवतो. ग्रीक 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पेडिऑन' म्हणजे मूल. हाच आपला ऑर्थोपेडिक! आज हा शब्द ऐकला की आजोबांचे गुडघे आठवतात, पण शब्दाच्या पोटात बसलंय ते लहान मूल. त्या पुस्तकात वाकड्या रोपट्याला खुंटाशी दोरीने बांधल्याचं एक चित्र आहे. अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्था आजही ते चित्र बोधचिन्ह म्हणून मिरवतात.

पण बांधायचं कशाने? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाय पेटीत ठेवून त्यावर जिप्समचा रबडा ओतत. वजन एवढं, की रोगी खाटेवरून हलू शकत नसे. 1831 मध्ये जर्मनीत स्ट्रोमायरने त्वचेत अगदी छोटं छिद्र करून टाचेची शीर कापण्याची पद्धत आणली. 1836 मध्ये विल्यम लिटल नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर स्वतःचा वाकडा पाय घेऊन त्याच्याकडे गेला, बरा झाला आणि ती विद्या लंडनला घेऊन आला. रोगीच प्रचारक झाला म्हणा ना.

आणि 1851 मध्ये हॉलंडच्या हार्लेम गावी अँटोनियस मॅथायसन या लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत कोरडी प्लास्टरची पूड घोळवली. पट्टी पाण्यात बुडवा, गुंडाळा, काही मिनिटांत कडक. जिप्सम तापवून पाणी उडवलेलं असतं, ते पाणी परत मिळालं की पूड पुन्हा दगड होते. दगड होताना गरमही होते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. सैनिकांसाठी शोधलेली ही पट्टी लवकरच मुलांच्या पायांवर चढली.

इथे मला व्हिएन्नाचे डॉ. अडॉल्फ लोरेंझ आठवतात. हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, पण जंतुनाशक म्हणून वापरायच्या कार्बोलिक आम्लाने त्यांच्या हातांची कातडी फुटायची. मग त्यांनी न कापता, नुसत्या हातांनी मुलांचं निखळलेलं खुब्याचं हाड बसवून प्लास्टर घालायला सुरुवात केली. 1902 मध्ये शिकागोच्या मांसव्यापारातल्या धनाढ्य आर्मर कुटुंबाने त्यांना लहानग्या लोलिता आर्मरसाठी बोलावलं. बातमी पसरली, तशा गोरगरिबांच्या आया पोरांना कडेवर घेऊन रांगा लावू लागल्या आणि लोरेंझनी त्यांनाही फुकट तपासलं. गंमत म्हणजे बदकांच्या पिल्लांवर संशोधन करून पुढे नोबेल मिळवणारे कोनराड लोरेंझ हे यांचेच चिरंजीव.

क्लबफूटमध्ये मात्र घाई नडत होती. लोखंडी पाना लावून पाऊल जोराने वळवण्याचेही प्रकार झाले. अटलांटाच्या डॉ. हायरम काइट यांनी जोर टाळून एकामागून एक प्लास्टर घालण्याचा मार्ग धरला. हेतू चांगला, पण उपचार महिनोन्महिने लांबायचे. पुढे 1970 नंतर मोठ्या शस्त्रक्रियांचा जमाना आला. पाऊल दिसायला सरळ व्हायचं, पण मोठेपणी ते कडक आणि दुखरं व्हायचं.

आणि आता आपला खरा नायक. इग्नासिओ पोनसेटी, जन्म 1914, स्पेनच्या मिनोर्का बेटावर. वडील घड्याळजी. पोरगा त्यांच्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करायचा. 1936 मध्ये बार्सिलोनात डॉक्टर झाला आणि लगेच यादवी युद्ध पेटलं. त्याने रिपब्लिकन बाजूच्या जखमींवर उपचार केले, मोडकी हाडं प्लास्टरमध्ये घातली. 1939 मध्ये बाजू हरली, तेव्हा जखमींना घेऊन पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्सला गेला, तिथून मेक्सिकोला आणि 1941 मध्ये अमेरिकेतल्या आयोवाला.

तिथे त्याने शस्त्रक्रिया झालेले जुने पाय तपासले आणि ते कडक झालेले पाहिले. मग पावलाची हाडं एकमेकांभोवती कशी फिरतात याचा अभ्यास केला, घड्याळजीच्या पोराने करावा तसा. त्याला कळलं की हाडं एकेक करून नव्हे, सगळी एकदम आणि ठरावीक बिंदूभोवती फिरवायची असतात. मग जोर लागतच नाही. दर आठवड्याला थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं, बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात. पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेकांना टाचेच्या शिरेवर तो छोटा छेद आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. नंतर दोन बूट दांडीला जोडलेली ब्रेस, तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत.

हे त्याने 1963 मध्ये छापलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही! 1995 मध्ये त्याच्या जुन्या रोग्यांचा, म्हणजे तिशी ओलांडलेल्या माणसांचा अभ्यास आला. 78 टक्के लोकांचे पाय चांगले किंवा उत्तम चालत होते. जन्मतः निरोगी पाय असलेल्यांच्या तुलनागटात हा आकडा 85 टक्के होता. मग चित्र पालटलं, आणि त्यात पालकांचा वाटा मोठा होता. शस्त्रक्रिया नको म्हणणारे आईबाप इंटरनेटवर एकमेकांना पत्ता सांगू लागले. 2009 मध्ये पोनसेटी गेला, तोवर त्याची पद्धत जगभर, भारतातही, पहिली निवड झाली होती.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. या पद्धतीत बाळाचं स्वस्थ असणं हा उपचाराचाच भाग आहे. रडून ताठ झालेल्या बाळाचं पाऊल नीट वळत नाही, प्लास्टर नीट बसत नाही. म्हणून आईने उशाशी थांबायचं, बाळ भुकेलं आणायचं आणि प्लास्टर चढत असताना दूध पाजायचं. माझ्या भाच्याची पहिली तीन प्लास्टरं अशीच झाली. बहिणीच्या हातात वाटी-चमचा, बाळाचं सगळं लक्ष त्या चमच्यावर, आणि खाली दोन माणसं शांतपणे काम करताहेत. एक पाऊल धरणारा, दुसरा पट्टी गुंडाळणारा.

घरी पहिली रात्र अवघड जाते, हे खरं. पाय जड लागतो, बाळ किरकिरतं. पायाखाली घडी केलेली गोधडी अशी ठेवा की टाच अधांतरी राहील, टाचेवर दाब नको. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. लंगोट किंवा डायपर प्लास्टरच्या कडेच्या वरच राहील असा बांधायचा आणि लगेच बदलायचा. पायजम्याऐवजी सैल झबलं. खाज येते म्हणून आत पेन्सिल, चमचा, पावडर काही घालायचं नाही. आणि बाळाला कडेवर घ्या, पोटावर घ्या, खेळवा. प्लास्टर आहे म्हणून पाळण्यात ठेवून देऊ नका.

दिवसातून चार वेळा बोटं बघा. बोट दाबून सोडलं की पांढरं होऊन लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, गार, सुजलेली दिसली, प्लास्टर खाली सरकून बोटं आत गेली, आतून वास आला किंवा बाळ काही केल्या शांत होईना, तर आठवडा संपायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुश्रुताची सैल-घट्टची गोष्ट आठवली ना?

काढण्याची भीती वेगळीच. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. होमर स्ट्रायकर यांनी थरथरणाऱ्या पात्याचा कटर आणला. ते पातं गोल फिरत नाही, पण आवाज असा की मोठ्यांनाही धडकी भरते. तान्ह्या बाळाचं प्लास्टर कोमट पाण्यात भिजवून उलगडताही येतं. तुमच्या डॉक्टरांना तसं विचारा. फक्त ते नव्या प्लास्टरच्या आधी दवाखान्यातच काढायचं, आदल्या रात्री नाही, नाहीतर आठवड्याची कमाई रात्रीत जाते. थोडं मोठं मूल असेल तर बाहुलीच्या पायालाही पट्टी बांधा आणि आवाजाची कल्पना आधीच द्या. "काही होणार नाही" यापेक्षा "गरम लागेल, आवाज येईल, मी इथेच आहे" हे मुलाला जास्त उपयोगी पडतं.

आणि शेवटचं. पाय सरळ दिसला की घरचेच म्हणतात, "कशाला त्या बिचाऱ्याला रात्री बूट? झोपू दे की." पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, ब्रेस सोडून देणं. तेव्हा आईच्या बाजूने उभं राहायचं काम बाबांचं, आजीचं, मावशीचं, मामाचं.

हिप्पोक्रेटिसने सांगितलं होतं, लवकर, हळूहळू आणि पुन्हापुन्हा. हाने-हातोडे, पाने, सुऱ्या सगळं वापरून झाल्यावर माणूस चोवीसशे वर्षांनी तिथेच परत आला, फक्त आता हाडं कशी फिरतात ते कळून. तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर हा भाग त्याच्या घरी जरूर पोचवा.